गैरहजर म्हणजे शून्य

वय झालं की माणसाचा राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही. लोणावळ्याच्या त्या कॉलेजातून मी बाहेर पडले त्याला किती वर्षं झाली, तरी प्राचार्यांचा तो मऊ आवाज आठवला की माझ्या हातातलं काम थांबतं. ते गेले, देव त्यांचं भलं करो, पण माझ्याकडून त्यांना माफी नाही.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी तळेगावची. पुण्याला संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवली तेव्हा आमच्या आळीत कुणाला हा विषय कळेना. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "म्हणजे ती पाढे शिकवणार का?" कॉलेज नवीन होतं, एका स्थानिक संस्थेनं काढलेलं. विद्यापीठ आणि सरकार दर वर्षी आकडे मागायचं. विद्यार्थी किती, पास किती, मधेच सोडून गेले किती, कुठल्या गावचे किती. तोवर हे सगळं हेडक्लार्क अंदाजानं भरत असत. वर कुणीतरी एकदा बेरीज करून पाहिली असावी, कारण तिकडून खरमरीत पत्र आलं आणि 'सांख्यिकी सहायक' अशी एक जागा निघाली. त्या जागेवर मी लागले.

प्रयोगशाळेच्या सामानाची एक खोली रिकामी करून मला दिली. तिला गंधकाचा वास यायचा तो शेवटपर्यंत गेला नाही. दांडा फिरवून चालवायचं एक गणकयंत्र होतं. मी ते फिरवायला लागले की हेडक्लार्क शिपायाला म्हणायचे, "चला, बाईंचा सोऱ्या सुरू झाला, चकल्या यायच्या आता." सगळं ऑफिस हसायचं. पावसाळ्यात कागद इतके सर्द व्हायचे की शाई फुटायची. मी शेगडी मागितली, तर "प्रयोगशाळेजवळ विस्तव नको" असं उत्तर मिळालं. प्राचार्यांच्या खोलीत मात्र दोन शेगड्या असत. तीही प्रयोगशाळेला लागूनच होती.

प्राचार्य आणि बहुतेक प्राध्यापक रोज पुण्याहून गाडीनं यायचे आणि गाडीनं जायचे. मावळ त्यांना गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच माहीत. कॉलेजचं वेळापत्रक वर्गांवर नव्हे, गाडीवर बेतलेलं होतं. शेवटचा तास पाच-दहा मिनिटं लवकर सुटायचा आणि धोतर सावरत, छत्र्या सांभाळत सगळी विद्वत्ता स्टेशनाकडे पळायची.

तर त्या वर्षी श्रावण लागता लागता प्राचार्यांनी मला बोलावलं. "बाई, पहिल्या चाचणीची सरासरी काढा. गावातल्या मुलींची वेगळी, वसतिगृहातल्या मुलींची वेगळी. सभेपुढे ठेवायची आहे."

वसतिगृह म्हणजे तुंगार्लीतला एक बंगला. तो एका मुंबईकराचा. संस्थेच्या अध्यक्षांच्या शब्दावर त्यानं तो वापरायला दिला होता. त्यात मावळातल्या खेड्यांतल्या आणि वाड्यांवरच्या मुली राहायच्या. फार नव्हत्या, पण त्या काळात डोंगरातून एक मुलगी कॉलेजला येणं हीच मोठी गोष्ट होती. बंगला बंद झाला तर त्यांना राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणजे शिक्षण संपलं. आणि मालकाला आता बंगला परत हवा होता, तो रिकामा करून देणं अध्यक्षांकडे लागलं होतं. लोणावळ्यात सीझनला मुंबईहून माणसं यायला लागली होती, खोल्यांना मागणी होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष तोंडानं असं कसं म्हणणार? 'मुलींची प्रगती समाधानकारक नाही' असं म्हणता आलं तर बरं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, आणि ते भांडं मी घासून पुसून द्यायचं.

मी दांडा फिरवायला घेतला. वसतिगृहाच्या मुलींपुढे शून्यामागून शून्यं होती. एखाद्या विषयात भोपळा मिळणं मी समजू शकते, मलाही मिळालाय. पण एकाच मुलीला गणितात शून्य, मराठीत शून्य, अर्थशास्त्रात शून्य? मी हेडक्लार्कना विचारलं. त्यांनी पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "त्या गैरहजर होत्या."

"मग शून्य का लिहिलंय?"

"गैरहजर म्हणजे शून्य. आपल्याकडे पहिल्यापासून तसंच आहे."

"अहो, पाहुणा जेवायलाच आला नाही, तर त्याला तुमची आमटी आवडली नाही असं म्हणाल का?"

"आमची आमटी सगळ्यांना आवडते," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्या शून्यांच्या रांगेतली एक मुलगी मला ठाऊक होती. बेडशाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली. वाडीतून मॅट्रिक झालेली पहिली. गणित घेतलं होतं आणि माझ्या यंत्राचा तिला भारी नाद. तास नसला की खोलीच्या दारात उभी राहायची. फटकळ होती. प्राध्यापकांनी फळ्यावर चूक केली तर सरळ "सर, चुकलं" म्हणायची, त्यामुळे ती फारशी कुणाची लाडकी नव्हती. माझी होती.

मी तिला विचारलं, "चाचणीला कुठं गेली होतीस?"

"घरी गेलते. लावणी असती न्हवं का तवा."

"चाचणी देऊन जायचंस."

ती हसली. मी काहीतरी पोरकट बोलल्यासारखी हसली. "बाई, रोप थांबत न्हाई. येळ टळली की मंग लावून काय उपेग?"

मग तिनं मला सावडीचं सांगितलं. मी तळेगावात वाढले, भाताच्या खाचरांच्या कडेनं शाळेत गेले, पण हे मलाही नीट माहीत नव्हतं. तिच्या वाडीत मजूर लावून भात लावायची कुणाची ऐपत नव्हती. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. पुरुष चिखलणी करणार, लावायचं काम बायांचं. ज्या घरची बाई दुसऱ्यांच्यात वाकली, त्या घरी सगळ्या येणार. जिची नाही आली, तिच्याकडे कुणी जाणार नाही. त्यात राग नाही की रुसवा नाही, रीतच ती. तिच्या आईची कंबर धरलेली, वाकता येत नव्हतं. घरात दुसरी बाई नाही.

"आमच्या घरची सावड मीच फेडते," ती म्हणाली. "आमी चाचणी बुडवतो ती काय हौस म्हनून? परीक्षाच म्होरं ढकलाया काय हुतंय त्यास्नी?"

काय होतंय ते मला माहीत होतं. चाचणीच्या दिवसांत तास नसत. सकाळी पेपर घेतला की प्राध्यापकांना दुपारच्या गाडीनं घरी जाता येई. आषाढात घाटात दरड आली की मुंबईकडून येणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या रखडत आणि ही मंडळी स्टेशनावर भिजत बसत. म्हणून ऐन पावसाच्या पंधरवड्यात चाचणी. भाताच्या आगरात कॉलेज काढायचं, लावणीत परीक्षा ठेवायची, लावणीला गेलेल्या मुलींना शून्य मांडायचं आणि वर त्या मठ्ठ आहेत म्हणायचं! मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही.

मी दोन तक्ते केले. एक त्यांच्या रीतीचा. दुसरा गैरहजर मुलींना वगळून, फक्त जिनं जो पेपर दिला त्याचाच हिशेब धरून. मागल्या वर्षीच्या दोन्ही सहामाह्याही घेतल्या. दुसऱ्या तक्त्यात वसतिगृहाच्या मुली गावातल्या मुलींच्या बरोबरीच्या होत्या, गणितात थोड्या वरच. वर्षाच्या अखेरीस लावणी नसते तेव्हाचं तर विचारूच नका.

प्राचार्यांनी दुसरा तक्ता पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, मी सरासरी मागितली होती. मतं नव्हती मागितली."

"ही सरासरीच आहे. पहिली चूक आहे."

"चूक?" आवाज तसाच मऊ. "आपल्या संस्थेत मुलीनं परीक्षा बुडवली तर तिचं कौतुक करायचं का?"

"कौतुक नको. पण जे तिनं लिहिलंच नाही त्याला गुण देऊ नका. शून्यसुद्धा गुणच आहे."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "एवढी खात्री असेल तर सभेत या आणि सांगा." मी घाबरेन असा त्यांचा हिशेब होता. हिशेबात ते कच्चेच होते.

सभा अध्यक्षांच्या राहत्या बंगल्यावर झाली. वेताच्या खुर्च्या, गरम भजी, आणि मी सोडून सगळे पुरुष. पुण्याचे एक वकील होते, एक डॉक्टर होते, दोन व्यापारी. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गैरहजर म्हणजे शून्य नव्हे. मुली हुशार आहेत, हे बघा. त्या लावणीला जातात, का जातात ते असं. चाचणी दोन-तीन आठवडे पुढे ढकला, एकही मुलगी गैरहजर राहणार नाही. माझा आवाज जरा चढला असेल. वकील भजी खायचे थांबले एवढं आठवतं.

अध्यक्ष प्राचार्यांपेक्षा हुशार होते, ते मला तेव्हा कळलं. ते गोड हसले. "म्हणजे बाई, तुमच्या आकड्यांवरून मुली हुशार आहेत. दोष बुद्धीचा नाही, गैरहजेरीचा आहे. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते खरंच होतं.

"मग गैरहजेरी बंद करू."

आणि तिथल्या तिथे ठराव झाला. पुढल्या वर्षापासून वसतिगृहातल्या मुलींनी पहिली चाचणी संपेपर्यंत घरी जायचं नाही. वडिलांनी तशी हमी द्यायची. जी जाईल तिची वसतिगृहातली जागा जाईल. शिवाय चाचणी बुडवणाऱ्या कुणाचीच टर्म मंजूर होणार नाही, म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. मी म्हटलं, "आणि चाचणीची तारीख?" प्राचार्य म्हणाले, वेळापत्रकाला हात लावणं अवघड आहे. मी सावडीचं परत सांगायला लागले, तेव्हा वकील म्हणाले, "बाई, आपण या मुलींना चिखलातून वर काढायला बसलोय. तुम्ही त्यांना परत चिखलात पाठवायला निघालात!" त्यावर सगळे हसले. ते ज्या भाताशिवाय जेवत नव्हते तो भात चिखलातच लागतो, हे त्यांना कुणी सांगावं?

नंतर काहींनी मला ऐकवलं की तू गप्प बसली असतीस तर बरं झालं असतं. नाही. मी गप्प बसले असते तर मुलींचा बंगला त्याच दिवशी गेला असता. मी जे बोलले ते आजही तसंच बोलेन. माझं गणित बरोबर होतं. त्यांनी ते मुलींच्या अंगावर घातलं, त्याचं पाप त्यांचं.

पुढल्या आषाढात दोन मुली ठराव झुगारून घरी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. बेडशाच्या वरची राहिली. तिच्या वडिलांनी हमी दिली होती. वाडीत कुणीतरी समजून घेईल, एक वर्ष निभावेल, असं त्यांना वाटलं असावं. ती चाचणीला बसली. त्या दिवसांत ती माझ्या दाराशी आली तेव्हा यंत्राकडे बघत नव्हती, खिडकीतून पावसाकडे बघत होती. मी म्हटलं, "पेपर कसा गेला?"

"पेपर काय, सोपा हुता," ती चिडून म्हणाली. माझ्यावर नव्हे, पण चिडूनच.

गणितात ती अख्ख्या कॉलेजात पहिली आली. गावातल्या, गावाबाहेरच्या, मुलं, मुली, सगळ्यांत पहिली. प्राचार्यांनी मला थांबवून सांगितलं, "बघितलंत बाई? शिस्त लागली की कसं होतं ते."

दिवाळीच्या सुमारास तिचे वडील कॉलेजात आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. शिपायानं त्यांना ऑफिसातून माझ्याकडे धाडलं, कारण ते 'आकड्यावाल्या बाई' विचारत होते. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तुमीच का त्या? पोरगी हुशार हाय म्हनून सभेत सांगितलं त्या?"

"हो भाऊ. आहेच ती हुशार. पहिली आली."

"मंग ते आमच्या खाचराला बी सांगायचं हुतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण मला बसलेली असूनही मागे सरकावंसं वाटलं. "आमच्या दारात येक बाई फिरकली न्हाई. कशी येनार? आमची कुनाच्यात गेली न्हाई. मी आन् माजा धाकला, दोघांनी लावलं तेवढं लावलं. बाकीचं रोप राबातच, पेरल्या जागीच पिवळं पडलं. बैलांफुडं टाकलं. आता साल काडायचं कशावर?"

"भाऊ, परीक्षा पुढे ढकला म्हणून मी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

"मंग मला कशापायी सांगता? त्यास्नी सांगा."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मला त्यांचा रागही आला, खरं सांगते. ज्यांनी ठराव केला ते समोरच्या खोलीत शेगडीवर हात शेकत बसले होते आणि बोलणी मला. तेवढ्यात ती दारात आली. हातात पत्र्याची ट्रंक.

"बा, बाईंना कशाला बोलतूस? त्यांनी काय केलंया?"

"ट्रंक कशाला?" मी विचारलं.

"जाते मी. येक साल सावड मोडली तर बाया बोलून ऱ्हात्यात, आता कापनीला समद्यांच्यात राबले तर फिटंल बी. म्होरल्या साली मोडली तर वाडीत कुनी पान्याला बी इचारायचं न्हाई. आईनं कुटं जायाचं?"

मी म्हटलं, "वसतिगृह गेलं तर जाऊ दे. माझ्या घरी तळेगावला राहा. लावणीला जाऊन ये. आईला मी विचारते, ती नाही म्हणायची नाही."

तिनं ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाली, "लावनीला गेले तर टर्म देत्याल का?"

"नाही."

"मंग तुमच्या घरी ऱ्हाऊन काय करू बाई?"

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. दार न ठोठावता गेले. म्हटलं, या मुलीपुरता तरी ठराव बाजूला ठेवा, पुढली चाचणी तिची नंतर घ्या, मी स्वतः बसून घेते, कॉलेजात पहिली आलेली मुलगी आहे. ते म्हणाले, "नियम एकीसाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो, बाई." नियम! स्वतःची गाडी चुकू नये म्हणून रोज तास अर्धवट सोडणारा माणूस मला नियम सांगत होता. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली होती.

मी परत आले तेव्हा बापलेक निघून गेली होती.

वर्ष संपलं, तोवर तिच्यासारख्याच आणखी काही जणी सोडून गेल्या होत्या. अहवालासाठी वसतिगृहाची सरासरी काढायची वेळ आली. मी प्राचार्यांना विचारलं, "चाचणी देऊन मधेच सोडून गेलेल्या मुलींचं काय करायचं? पहिल्या चाचणीचे गुण आहेत त्यांचे."

"त्यांना कशाला धरता? त्या आता आपल्या नाहीत."

मी म्हटलं, "मग धरत नाही, पण तसं खाली लिहीन." लिहिलं. छापताना ते वाक्य गळलं.

सभा पुन्हा त्याच बंगल्यावर, त्याच वेताच्या खुर्च्यांत. प्राचार्यांनी वाचून दाखवलं की ठरावानंतर वसतिगृहात गैरहजेरी राहिलेली नाही आणि सरासरी चांगलीच वाढली आहे. अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. "याचं श्रेय आमच्या बाईंना. रोग त्यांनी ओळखला, आपण फक्त औषध दिलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी तर जरा जास्तच वाजवल्या.

मी उठले. म्हणाले, "या सरासरीत बेडशाच्या वरच्या वाडीतली मुलगी नाही. तुमच्या औषधानं ती गेली. तिला धरलं असतं तर सरासरी याहून जास्त आली असती."

डॉक्टरांनी खाली बघितलं. प्राचार्य म्हणाले, "बाई, बसा."

मी उभीच होते. अध्यक्षांनी पुढचा विषय वाचला. तुंगार्लीचा बंगला. वसतिगृहात आता मुली फारच थोड्या उरल्या आहेत, एवढ्यांसाठी एवढी मोठी जागा अडवून ठेवणं योग्य आहे का? सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहा यायच्या आत तो विषय संपला.